आकृती ४.२ पाहा

महालातल्या बारापात्रेंच्या झेरॉक्सवर पाटी आहे:
'पूर्ण पुस्तकाची कॉपी मिळणार नाही.'
खाली बॉलपेनानं कुणीतरी जोडलंय:
'अर्धं दोनदा मिळेल.'

मी भूगोलाचं पुस्तक काउंटरवर ठेवलं.
सगळं स्कॅन करा, म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
'मॅडम, तुमीच असं करान
तं पोरायले काय सांगान?'
सुकेशनी नंदेश्वरसाठी हवंय, तिला दिसत नाही.
बारापात्रे बराच वेळ यंत्राची काच पुसत राहिले.
'मंग कायद्यात असंन काही. पाहून या.
मी काही पळून नाही रायलो.'

पाहिलं.
एप्रिलातच पारा त्रेचाळीसवर,
कुलरमधून ओल्या खसाचा वास,
मांडीवर कलम बावन्न.
किती पोटकलमं! एबीसीडी पुरली नाही,
झेड संपल्यावर पुन्हा झेडए, झेडबी...
आणि तिथे, मुळाक्षरं संपल्यानंतरच्या
त्या शेवटच्या बाकावर
बसवलेले सापडले मला
छापलेलं वाचू न शकणारे सगळे.
त्यांच्यासाठी बदला, वाचा, ऐकवा.
नफा घेऊ नका.
प्रत त्यांच्याचकडे राहू द्या.

मग अकरा रात्री मी फोनला पुस्तक वाचून दाखवलं.
कुलर बंद करून, कारण तोही रेकॉर्ड व्हायचा.
घाम पानावर पडायचा,
त्याचा मात्र आवाज येत नव्हता.

सुकेशनीनं दुप्पट वेगानं ऐकून संपवलं चार दिवसांत.
'मॅडम, चौथ्या धड्यात तुम्ही म्हणता,
आकृती चार पूर्णांक दोन पाहा.
मग तुम्ही गप्प.
मग पान उलटल्याचा आवाज.
मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.
काय होतं तिथे?'

वैनगंगेचं खोरं होतं.
बावीस वर्षं शिकवतेय मी ते,
फळ्याकडे बोट करून,
'ही इथून येते, आणि ही अशी जाते.'
ही. इथून. अशी.
माझं अर्धं अध्यापन या तीन शब्दांत
आणि एका बोटात.

रविवारी कॉटन मार्केटातून सुतळी आणली,
पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं नद्या चिकटवल्या.
पेंच कन्हानला, कन्हान वैनगंगेला,
खाली वर्धा येऊन भेटते, तिथून प्राणहिता.
पुस्तकातला नकाशा समोर धरायला गेले
आणि मिटवून ठेवला.
नकाशा कुणीतरी काढलेला,
त्याचा हात, त्याच्या रेषा,
तो गेल्यावरही साठ वर्षं त्याच्या घरच्यांच्या.
नदी कुणाचीच नाही.
ती मला पाठ होती.

वर्गात जितेश धुर्वे उठला.
रात्रपाळी बुटीबोरीला, सकाळी माझा तास,
डोळे कायम लाल.
'मॅडम, ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाका नं,
गाडीवर ऐकत येईन मी बी.'
नाही म्हणाले. ते सुकेशनीचं आहे.
त्यानं मान हलवली, रागावला नाही,
ते जास्त लागलं.
त्या रात्री पुन्हा कुलर बंद केला
आणि वैनगंगा सांगितली, पुस्तक न उघडता,
माझ्या शब्दांत, 'ही अशी' न म्हणता.
खाली लिहिलं: हवं त्याला द्या,
फक्त माझं नाव राहू द्या.
(नाव राहावं हा मोह मलाही आहे.
गेल्या वर्षी माझ्या नोट्स
सक्करदऱ्याच्या क्लासनं स्वतःच्या नावानं विकल्या,
तेव्हा मी काय काय बोलले होते,
ते इथे नको.)

सुकेशनीचं बोट पुठ्ठ्यावरून उतरत होतं.
भंडाऱ्याच्या जरा खाली थांबलं.
'इथे गाठ आहे. कोणती नदी मिळाली?'
कोणतीच नाही गं.
सुतळी संपली होती, दुसरी जोडली.
ती हसली. बोट तिथेच.
'मग तेही सांगत जा नं.'